निळा रंग जाईपर्यंत

प्रयोगशाळेमागच्या खोलीच्या दारावरची पाटी मी वाचली होती: ‘आत प्रकाश नको. आधी टकटक करा.’ वाचली, आणि सोडून दिली. अठ्ठ्याऐंशी साली भिवंडीच्या कॉलेजात टकटक कोण करतं? मला प्रॅक्टिकलसाठी नळ्यांचा स्टँड हवा होता — दार ढकललं.

आत लाल बल्ब. त्याखाली एक मुलगा, समोर परीक्षानळ्या. ओरडला नाही. म्हणाला, “आता बसा. हा निळा रंग गेला की माझा आठवडा गेला. निदान सोबत बघू.”

हा अंजूर गावचा शरच्चंद्र, म्हणजे शरद, पीएच.डी. करणारा. नळीत भाताची पेज, आयोडीनने निळी झालेली. लाळेतलं एन्झाइम पेज पचवतं, मग रंग जातो. शरदचं औषध त्या एन्झाइमला अंधारात घट्ट धरून ठेवी; उजेड पडला की सोडून देई. मी उजेड पाडला होता... रंग गेला.

मग मी रोज जाऊ लागले. टकटक करून. नळ्या धुवायला म्हणे.

दोन महिने तो एन्झाइमवर भरभरून बोलला, माझ्यावर एक अक्षर नाही. आणि लाल बल्बखाली माणूस लाजतोय की नाही, तेही कळत नाही. इकडे भाऊंनी, माझ्या वडिलांनी, ठाण्याचं स्थळ जवळजवळ पक्कं केलेलं. शेवटी मीच म्हटलं, “रविवारी दुपारी घरी या. काय ते तिथे बोला.”

आला — पिशवीत निळ्या पेजेच्या दोन नळ्या घेऊन. पोहे बाजूला सारून भाऊंना म्हणाला, “जरा थुंकता का यात?”

आई पदर तोंडाला लावून आत गेली. भाऊ मात्र थुंकले, दोन्ही नळ्यांत. शरदने दोन्हींत औषध घातलं. एक काळ्या कागदात गुंडाळली, दुसरी खिडकीत उन्हात ठेवली. पोहे गार झाले. उन्हातल्या नळीचा रंग गेला. कागदातली निळीच.

भाऊ चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे उजेड पडला की सोडतं. तुम्हीही सोडाल का हिला?”

“न्हाय, भाऊ.” घाबरला की त्याच्या तोंडी गावची बोली येते. “मी उजेडातच आलोय.”

...आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा पाहिलं.

आता आमची तान्ही सात महिन्यांची. सकाळपासून चारदा कपाळ चाचपलं, ताप नाही; तरी तिला सोडून निघवत नाही. शरदचा डबा मात्र घरीच राहिलाय, आणि हा त्या खोलीत. कॉलेजच्या बाजूने जाणार असाल तर बघाल का, काही खाल्लंय का त्याने? फक्त... आधी टकटक करा.