तिसरा कप

वाटाड्या बसवलेली माणसं बोलता बोलता क्षणभर थांबतात, याचं आता कुणालाच नवल राहिलं नव्हतं. मेंदूतला तो तांदळाएवढा तुकडा आठवणी साठवत नाही. आठवण मेंदूतच असते. तिच्यापर्यंतची वाट तेवढी तो लिहून देतो. आधी घर, मग खोली, मग कपाट, मग कप्पा. वाट लिहायला त्याच्याकडे मोजक्या पाट्या असतात. आठवण सापडली की पाटी पुसून जागेवर. एकूण कारभार शिस्तीचा.

हृषीकेश केतकरांना आजारपणानंतर हा वाटाड्या बसवला आणि काही वर्षं छान गेली. पण त्या सकाळी त्यांनी बायकोला अदबीने विचारलं, "आपण कोण?" इतका संसार करून हे ऐकायला मिळाल्यावर वृषालीबाईंनी रिक्षा बोलावली आणि नवऱ्याला घेऊन थेट स्मृतिकेंद्र गाठलं.

तिथल्या तंत्रज्ञ ईशानीने वाटाड्या तपासला. सगळ्या पाट्या भरलेल्या, आणि सगळ्यांवर एकच वाट: घर, गॅलरी, संध्याकाळचा चहा, तिसरा कप. पुढे काहीच नाही.

चूक वाटाड्या बनवणाऱ्यांची होती, तिने कबूल केलं. आठवण सापडल्यावर पाटी पुसायची, हे त्यांनी लिहिलं. सापडलीच नाही तर कुणी पुसायची, हे लिहायचं राहून गेलं. हुशार माणसांना आपलं काही सापडणार नाही असं वाटतच नाही. प्रत्येक फसलेला शोध एक पाटी अडवून बसला होता, आणि आता बायकोची वाट लिहायलाही पाटी उरली नव्हती.

मग वृषालीबाईंनी रेवाबद्दल सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात असतानाच गेलेली. आजाराने हृषीकेशरावांच्या डोक्यातली रेवा वाटाड्या बसवण्याआधीच पुसली होती, अगदी नावासकट. तरी रोज संध्याकाळी ते तीन कप मांडायचे आणि कोण यायचंय म्हणून विचारायचे. येईल, असं वृषालीबाई म्हणायच्या.

"दुरुस्ती छोटी आहे, काकू," ईशानी म्हणाली. "सापडो न सापडो, पाटी पुसायची. पण त्या अडलेल्या पाट्या म्हणजेच त्यांची हुरहूर आहे. तीही जाईल. ते शोधतील, पण आपण काही शोधलं हेसुद्धा त्यांना कळणार नाही."

त्या हुरहुरीखेरीज रेवाचं त्यांच्यात काहीच उरलं नव्हतं. वृषालीबाईंना रडू आलं. पण नवराही हवा होता.

"पूस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हृषीकेशरावांनी गॅलरीत कप मांडले, दोनच. चहात नेहमी आलं जास्त घालतेस, म्हणून वृषालीबाईंना नावाने हाक मारून चिडवलं. बाईंना मनापासून आनंद झाला. मध्येच ते क्षणभर थांबले, दाराकडे पाहिलं, आणि गुणगुणत चहा प्यायला लागले.

कप विसळून झाल्यावर वृषालीबाईंनी ईशानीला फोन केला. हे अगदी मजेत आहेत, असं सांगून तिचे आभार मानले. मग विचारलं, "मलाही बसवून मिळेल का गं, असा पुसणारा वाटाड्या?"

"तुमची स्मरणशक्ती तर उत्तम आहे, काकू."

"म्हणूनच विचारतेय."