कललेली लास्तोच्का

"विहान, फुंकर मारू नकोस!" अनिश ओरडला.

"मी कुठे मारली? माझं तोंड भरलंय, बघ!" विहानने चकलीने भरलेलं तोंड उघडून दाखवलं.

"शी! बंद कर आधी!"

तेवढ्यात कॅरमवरची आणखी एक काळी सोंगटी कोणी हात न लावता हळूच घसरली आणि कोपऱ्यातल्या भोकात गेली. तिघंही बघत राहिले.

"बोर्ड फिरवा," तनू म्हणाली. तेरा वर्षांची तनू या तिघांत मोठी. अनिश तिच्याहून वर्षाने लहान आणि विहान हा अनिशचा धाकटा भाऊ.

त्यांनी बोर्ड उलटा फिरवला, तरी सोंगटी घसरली ती पुन्हा खाडीच्या काठाच्याच बाजूला!

"भूत!" विहान आनंदाने म्हणाला. "रशियन कॅप्टनचं!"

"भुताला कॅरम कशाला खेळायचाय? बोर्ड सरळ आहे. बोट वाकडी आहे."

बोटीचं नाव लास्तोच्का, म्हणजे रशियन भाषेत पाकोळी पक्षी. सोव्हिएत युनियनच्या काळात ती व्होल्गा नदीवर प्रवासी घेऊन फिरायची. एकाच आराखड्यावरून तिच्यासारख्या कितीतरी बोटी पूर्व जर्मनीत बांधल्या गेल्या होत्या. सपाट तळ, तीन मजले, आणि सगळ्यात खालच्या केबिन्सना पाण्याच्या थोड्याच वर असलेल्या गोल खिडक्या. आता म्हातारपणी ती एसेक्समधल्या एका खाडीत हॉस्टेल होऊन उभी होती. ऑगस्टच्या सुट्टीतलं मराठी मंडळाचं शिबिर या वर्षी तिच्यावर भरलं होतं.

"जुनी बोट आहे," अनिश म्हणाला. "पहिल्यापासूनच वाकडी असेल."

"मग बघू या की."

तनूने गळ्यातली शिट्टी काढून दिव्याच्या हुकाला लांब दोरीने टांगली. शिट्टी डोलायची थांबली, तेव्हा तिच्या बरोब्बर खाली विहानने कॅरमच्या पावडरीचा ठिपका काढला.

"आता एक डाव खेळायचा आणि मग बघायचं."

डाव संपला. शिट्टी आता ठिपक्यावर नव्हती. ती चांगली चार बोटं काठाकडे सरकली होती. विहानची चकली हातातच राहिली.

"म्हणजे बोट नुसती वाकडी नाहीये," अनिश हळू आवाजात म्हणाला. "ती अजून वाकडी *होतेय*!"

तिघं डेकवर धावले. बोटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाकडून दोन जाड दोर खाली काठावरच्या लोखंडी खुंटांपर्यंत गेले होते. सकाळी ते झोपाळ्यासारखे लोंबत होते. आता मात्र ते ताठ झाले होते, करकरत होते, आणि पिळल्यासारखं पाणी त्यांच्यातून ठिबकत होतं. अनिशने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" तनूने त्याला मागे ओढलं. "तुटला तर?"

"पण एवढे टाइट कोणी केले?"

तनूला माहीत होतं.

सकाळी पाणी ओसरलेलं होतं. बोट चिखलात निवांत बसली होती, पण चढायची फळी खडखडत होती. मधुमती आजी, म्हणजे तनूच्या बाबांची आई, काठी धरून काठावरच थांबली. "मी नाही यायची. हलतंय हे. पडले तर दुसराही गुडघा जायचा."

बाबा, म्हणजे मंडळाचे राजीवकाका. गणपतीचं मखर असो की नाटकाचा सेट, वेम्बलीच्या हॉलमध्ये सगळं तेच उभारायचे. "माझ्या हातचं कधी हललंय का, आई?" ते म्हणाले. आत भिंतीवर लास्तोच्काचा जुना फोटो होता. व्होल्गाच्या धक्क्याला अगदी चिकटून उभी, दोर ताठ. "बघा, रशियन लोक कसं बांधायचे! नाही तर हे ढिले दोर!" बोटीची राखण करणारे मिस्टर हॉलिस किल्ल्या देऊन गावात सामान आणायला निघून गेले होते. बाबांनी डेकवरची दोर गुंडाळायची दोन्ही चक्रं फिरवून दोर गच्च आवळले, चक्रांचे ब्रेक लावले. बोट हलेना, फळी वाजेना. आजी हसत आत आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण फोटोत तर अशीच टाइट आहे," विहान म्हणाला.

"तो फोटो व्होल्गाचा आहे, समुद्रापासून लांबचा. तिथे अशी रोज भरती येत नाही," तनू म्हणाली आणि तिने खाली बोट दाखवलं. चिखल दिसेनासा झाला होता. काठालगतच्या खांबांवर शेवाळाची हिरवी रेघ होती ती अजून पाण्याच्या बरीच वर. "पाणी तिथपर्यंत चढणार. बोटीला वर यायचंय, पण ही बाजू आपण खाली बांधून ठेवलीये. दुसरी बाजू वर जाणार आणि ही..."

"आणि ही बुडणार," अनिशने वाक्य पूर्ण केलं.

तनूचा चेहरा उतरला. जेवून आजी खाली झोपायला गेली होती. याच बाजूच्या केबिनमध्ये!

मोठ्या हॉलमध्ये संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. बाबा स्टुलावर चढून बॅनर लावत होते.

"बाबा, बोट कलतेय! दोर सोडायला हवेत!"

"तनू, जुनी बोट आहे ती. जरा कललेलीच असणार."

"नाही बाबा, आम्ही चेक केलंय. तू आवळलेस ना, त्यामुळे..."

"मी आवळले म्हणून आजी आत आली!" बाबांचा आवाज चढला. हॉलमधले चारपाच जण वळून बघू लागले. "सगळ्यांसमोर मला शिकवू नकोस. जा, तालमीला उभी राहा."

"मुलांनो, दंगा नको हं!" मंडळाच्या अध्यक्ष देवयानीकाकू म्हणाल्या. "आणि राजीव, बॅनर तिरका दिसतोय."

"आत्ता तर सरळ लावला!"

तनूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायलाही ती थांबली नाही. तिघं जिना उतरून खाली पळाले. आजी पलंगावर पडली होती, डोक्याशी गोल खिडकी सताड उघडी. तनूने बाहेर पाहिलं. पाणी खिडकीच्या खाली जेमतेम हातभर होतं!

अनिशने जाड काचेची खिडकी ओढून पितळी स्क्रू आवळला.

"अरे, छान वारा येत होता की!" आजी उठून बसली.

"आजी, आता वारा नाही, पाणी येईल! चल वर."

आजी उभी राहिली, पण तिरक्या जमिनीवर काठी सटकली आणि ती धपकन पुन्हा पलंगावर बसली. "मला नाही गं जमायचं. कोणाला तरी बोलाव."

कोणाला? कोणी ऐकतच नव्हतं. तनूने डोळे मिटले. बाबांना बोट वाकडी का दिसत नव्हती? कारण ते बोटीच्या आत होते! बोटीबरोबर भिंती, स्टूल, सगळंच कललं होतं. पण बाहेरून पाहिलं तर?

"अनिश, तू आजीजवळ थांब, आणि या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद कर. विहान, दारावर हॉलिसचा नंबर आहे. लाव फोन!"

ती हॉलमध्ये गेली आणि तिने सरळ माइकच उचलला.

"ग्रुप फोटो! सगळ्यांचा ग्रुप फोटो! बाहेर, समोरच्या गवतावर! जो येणार नाही तो वेबसाइटवर दिसणार नाही!"

तालीम जागच्या जागी थांबली. "अगं, माझी टिकली!" "थांबा, मी कुर्ता बदलतो!" म्हणत सगळे निघाले. फोटोतून आपण सुटू नये म्हणून बाबाही निघाले. फळी आता चांगलीच तिरकी झाली होती, पण फोटोच्या घाईत कोणी बोललं नाही. तनूने सगळ्यांना दोरांपासून दूर, गवताच्या पार टोकाला नेलं.

"आता मागे वळा!"

सगळे वळले.

पांढरी, उंच लास्तोच्का काठाकडे झुकली होती. खालच्या गोल खिडक्यांना पाणी टेकायला आलं होतं.

"आई!" बाबांच्या तोंडून एवढंच निघालं. ते बोटीकडे धावले. डेकवर पोचल्यावर त्यांनी आगीच्या वेळेसाठी भिंतीवर ठेवलेली कुऱ्हाड ओढून काढली.

"बाबा, नको!" तनू मागोमाग आली होती. "तोडलास तर दोर फटकन उडेल!"

"राजीवकाका!" विहानने फोनचा स्पीकर लावला. मिस्टर हॉलिस जवळजवळ किंचाळत होते. दोर तोडू नका. दोरांजवळ कोणी उभं राहू नका. दोन्ही ब्रेक ढिले करा, पण थोडे थोडे, आळीपाळीने!

बाबा पुढच्या चक्राशी गेले. मागच्या चक्राशी धावत आलेल्या देवयानीकाकू उभ्या राहिल्या, पैठणीचा पदर कमरेला खोचून. पण एकीकडचं दुसऱ्याला दिसत नव्हतं. मध्ये दोरांपासून लांब तनू उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"बाबा, थोडं! बास! काकू, आता तुम्ही! बास!"

कर्रर्र करत दोर सुटू लागला. बोट आतून कण्हली. खाली कुठेतरी भांड्यांचा खणखणाट झाला. तनूने पुन्हा हात वर केला. "बाबा, पुन्हा! काकू!" पाणी खिडक्यांपासून हळूहळू खाली सरकत गेलं आणि लास्तोच्का जडपणे सरळ झाली. दोर पुन्हा झोपाळ्यासारखे लोंबू लागले.

अनिशच्या खांद्यावर हात ठेवून आजी वर आली. "या पोराने मला चुटके सांगितले," ती म्हणाली. "एकही धड नव्हता."

थोड्या वेळाने मिस्टर हॉलिस धापा टाकत पोचले. आपण बोट सोडून जायला नको होतं, हे त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. खालच्या खिडक्या तपासताना तर त्यांनी दोनदा कपाळाचा घाम पुसला. देवयानीकाकूंनी तिघांना एकदम जवळ घेतलं. "मी तुम्हाला दंगेखोर म्हणाले! अरे, तुम्ही नसतात तर..."

बाबा मात्र एकटेच डेकवर बसले होते. तनू शेजारी जाऊन बसली.

"खूप घाबरलीस का गं पाण्याला?"

"पाण्याला नाही," तनू म्हणाली. "मी सांगतेय आणि तू ऐकतच नाहीस, त्याला घाबरले."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून ते हॉलमध्ये गेले आणि तालमीसाठी परत जमलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी मोठ्याने हाक मारली, "तनू, आत ये. हा बॅनर कसा दिसतोय, ते तू सांग."

तनूने दारातून नीट पाहिलं.

"तिरका आहे, बाबा."

"किती?" बाबांनी विचारलं आणि ते पुन्हा स्टुलावर चढले.