बोलनळी

गेट चुकलं म्हणून तो भेटला. मावशीच्या दुकानातली सोफ्याची कव्हरं पोचवायला निघालेली मी शेजारच्याच शेडमध्ये शिरले. तिथे एका अजस्र गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. खालून आवाज आला, “गादी शिवता येते का हो तुम्हाला?”

मोटारी नव्या नवलाईच्या होत्या तेव्हाची ती घरगाडी. आत पलंग, पितळी दिवे, भिंतीत दुमडणारं टेबल. चालक पुढे उघड्यावर, घर मागे, आणि मधल्या भिंतीतून बोलायला एक पितळी नळी. त्या गाडीबद्दल बोलताना त्याचे डोळे असे चमकायचे की मला त्या खटाऱ्याचा हेवा वाटायचा. मी त्या पठ्ठ्याचं नाव ठेवलं नटबोल्ट.

मी आत शिवायची, तो पुढे इंजिनात डोकं घालून. मधूनच नळीतून आवाज यायचा... दबका, लांबून आल्यासारखा. “दमलीस?” मी नळीला तोंड लावून म्हणायची, “तुला काय पडलंय?” नळी हसायची. बाहेर आल्यावर मात्र स्वारी पुन्हा अहो-जाहोवर. मला वाटायचं, लाजतोय बिचारा. मावशी विचारायची, गादी शिवतेस की संसार मांडतेस?

काल नळीनं विचारलं, “इथेच राहशील... कायमची?” माझी सुई थांबली. मी “हो” म्हटलं आणि घरी जाईपर्यंत एकटीच हसत राहिले.

आज तो आत आला तो हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. कागद सोडला. लखलखीत पितळी नळी.

“पहिल्याच दिवशी पॉलिशला काढली होती,” तो खाली बघत म्हणाला. “भिंतीवर नुसती तोंडं राहिलीत. आता जोडतो. समोरासमोर मला बोलता येत नाही... म्हटलं, नळीतून तरी तुम्हाला विचारेन.”

 म्हणजे यानं अजून काहीच विचारलं नव्हतं. मग मी हो म्हटलं कुणाला?

मी त्याला ओढतच बाहेर नेलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, जे विचारायचंय ते आत्ता विचार, तुझ्या तोंडानं. तो कानापर्यंत लाल झाला.

“राहशील... माझ्याबरोबर?”

त्याच्या डोळ्यांत नीट बघून मी हो म्हटलं. त्यानं माझा हात धरला आणि मला इतकं सुख झालं की क्षणभर सगळं विसरले.

तेवढ्यात त्याच्या खांद्यामागचं पितळी तोंड कुजबुजलं, “काल मला हो म्हणाली होतीस.”

या वेळी त्यानंही ऐकलं. त्याचा हात गार पडला, पण सुटला नाही. मी वाकून त्या तोंडात हळूच म्हटलं, “माफ कर. गेट चुकलं होतं माझं.”

 मग आत पलंग करकरला, कुणी दमून बसावं तसा.

ती नळी आम्ही जोडली नाही. घरगाडी आता फिरते, पण आम्ही दोघं पुढेच बसतो, ऊन असो वा पाऊस. मुक्कामाला पोचलो की मी मागे जाऊन पलंगावरची चादर सारखी करते. ती एकाच बाजूला चुरगळलेली असते.