पंधराशे मीटरवरची काठी

रांजणगावच्या एका कंपनीत मी आठ वर्षं क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पार्ट तपासायचे आणि केसभर चुकलेला परत पाठवायचा, एवढंच काम. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. धाकटी बहीण धनश्री लांब पल्ल्याच्या नेमबाजीत उतरली आणि तिला स्पॉटर हवा झाला, तेव्हा तिला हाच खडूसपणा आठवला. स्पॉटर म्हणजे नेमबाजाशेजारी बसून दुर्बिणीतून वारा वाचणारा. पंधराशे मीटरवर अडीच फुटांची पांढरी लोखंडी प्लेट असते. गोळीला तिथं पोचायला जवळजवळ तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात वारा तिला कुठंही नेऊन टाकतो. धनश्रीला राज्याच्या संघात जायचं होतं. चार वर्षं तिनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. लग्नाचं स्थळ आलं तर ती पाहुण्यांना वाऱ्याचा वेग सांगायची.

निवड चाचणीला प्रत्येक जोडीला एकच स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, नेता येतो. त्याचा नंबर आधी फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. दोन महिने मी फक्त स्कोप बघत होते. शेवटी दोन उरले. एक क्लबनं वापरायला दिलेला नवाकोरा, परदेशी, भिंग पंचाण्णव मिलिमीटरचं. दुसरा पुण्यातल्या एका दुकानात पडून असलेला जुना, पट्टा तुटलेला, कुणाचा ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. कवठे येमाईला आमच्या घरामागच्या टेकाडावर मी दोन्ही शेजारी लावले. तेही भर दुपारी. सकाळच्या गार हवेत कुठलीही काच शहाणी दिसते, खरी परीक्षा उन्हाच्या लाटेत. समोरच्या उतारावरच्या पांढऱ्या टाकीच्या कडेला नव्यात जांभळी झाक यायची. जुन्यात कड सुरीनं कापल्यासारखी. मला भारी राग आला, कारण कागदावर नवाच चांगला होता.

खाली ओट्यावर आमचे आजोबा, हरिबा आबा, बसलेले असायचे. आम्ही धनगर. मेंढरं केव्हाच गेली, आता कांदा आणि डाळिंब. पण आबांची मोजणी सुटलेली नाही. मेंढवाड्याच्या तोंडाशी काठी टेकवत मेंढरं मोजायची, तशी ते दिवस मावळताना घरात शिरणारी माणसं मोजतात. काचबिंदूनं डोळे गेलेत, तर पावलं ऐकून. एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक काठी उंबऱ्यावर. सगळे आले की म्हणायचं, "एक कमी हाय," आणि दार लावू द्यायचं नाही. मला कळतंय तेव्हापासून आमचं पुढचं दार रात्रंदिवस उघडं. एकदा शेजाऱ्यांची शेळी थेट चुलीपाशी येऊन भाकरी खाऊन गेली. आईनं मग मधल्या दाराला कडी बसवून घेतली आणि विषय संपवला.

क्लबची रेंज दौंडच्या बाजूला. मांडवगण फराट्यावरून पुढे जाऊन भीमा ओलांडायची, मग उघडा माळ. ना झाड, ना घर. मार्चमधल्या एका रविवारी मी तिथं जुना स्कोप पहिल्यांदा लावला आणि प्लेटच्या उजव्या हाताला माणूस उभा दिसला.

रेंजवर माणूस दिसला की ओरडायचं, हा पहिला नियम. मी ओरडले. गोळीबार थांबला, लाल झेंडा चढला. रेंज ऑफिसर सत्यजीत सर जीप घेऊन पार प्लेटपर्यंत गेले. माळावर चिटपाखरू नव्हतं. जीप प्लेटपाशी उभी असताना मी बघत होते. सर त्या माणसाच्या पुढून चालत गेले, मागून परत आले. त्यांची टोपी त्याच्या घोंगड्याला घासली असेल, इतकं जवळून.

परत आल्यावर सर हळूच म्हणाले, "प्रतिभाताई, एकदा झालं, सोडून देऊ. चाचणीत खोटी हाक गेली तर टीम बाद होते."

माझं हसं झालं. मी तपासायला लागले, कारण दुसरं मला काही येत नाही. नव्या स्कोपमधून माळ रिकामा. जुन्यातून माणूस. काचेवरचा डाग असता तर आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, फिरवल्यावर फिरला असता. हा फिरला नाही. मी स्कोप तिरका केला, प्लेट तिरकी झाली, तोही तिच्याबरोबर तेवढाच तिरका झाला. खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. तोंड दिसायचं नाही. तिथं नेमकी उन्हाची लाट उठायची.

मग काठी हलली. सावकाश डावीकडे कलली आणि तशीच राहिली. मी सांगितलेल्या अंदाजानं धनश्रीनं झाडलेली गोळी प्लेटच्या उजवीकडे मातीत गेली. पुढच्या वेळी काठी सरळ उभी. मी वारा धरून बाजूला नेमायला सांगितलं होतं, गोळी पुन्हा मातीत. मी वही काढली. त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी मिळून अकरा नोंदी केल्या. अकरा वेळा काठी बरोबर होती. मी सहा वेळा.

त्या संध्याकाळी आबांना सांगितलं. बाकी कुणाला सांगायची सोयच नव्हती. आबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, घोंगडं कुठल्या खांद्यावर. डाव्या, म्हटलं. मग ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"काठी कलती त्या अंगाला कळप दाबायचा," ते म्हणाले. "उभी धरली तर थांबायचं. लांबनं हाक पोचत न्हाई, म्हनून हे. आन् घोंगडं काठीवर चढवलं, तर मोजनी झाली, घरला चला."

कळपाच्या पलीकडच्या अंगाला नेहमी आपला थोरला भाऊ बिरदेव असायचा, म्हणाले. एका साली तो कळप घेऊन भीमेपल्याड गेला. मेंढरं आपली आपण परत आली. बिरदेव आला न्हाई. एवढं सांगून त्यांनी तंबाखूची पिशवी शोधायला सुरुवात केली, ती त्यांच्या मांडीवरच होती.

फॉर्म द्यायच्या दिवशी मी दोन्ही नंबर कच्च्या कागदावर लिहून बसले. जुना नेला आणि भर चाचणीत मला माणूस दिसला, तर नियमानं ओरडायला हवं. ओरडले तर धनश्री बाद. नवा नेला तर माझा अकरातून सहाचा हिशोब. मी जुन्याचा नंबर लिहिला. पेन कागदातून आरपार गेलं.

चाचणी एप्रिलमध्ये, सकाळी दहाला. पाच गोळ्या. माणूस जागेवर होता, प्लेटच्या उजवीकडे दीड मीटरवर. माझ्या घशाशी हाक आली. मी ती गिळली.

काठी सांगेल तसं मी सांगत गेले. चार गोळ्या, चार वेळा प्लेट. सगळ्यात पुढे असलेल्या पुण्याच्या जोडीचे पाचपैकी चार झाले होते. पाचवी लागली की धनश्री संघात.

पाचवीला काठी उजवीकडे कलली.

त्याच्याकडे. आजवर एकदाही त्याच्या बाजूला नेम धरायची वेळ आली नव्हती. काठी किती कललीय ते मी काचेवरच्या रेघांवर मोजलं. एक मिल. पंधराशे मीटरवर एक मिल म्हणजे दीड मीटर.

बरोबर त्याची छाती.

वारा दाखवणारं मृगजळ डावीकडून उजवीकडे वाहत होतं. कुणीही डावीकडे धरायला सांगितलं असतं.

"एक मिल उजवीकडे," मी म्हणाले.

"ताई, उलटं वाहतंय सगळं."

"माहितेय. उजवीकडे धर."

तिनं पुढे विचारलं नाही. श्वास सोडला.

मी डोळा मिटला नाही. गोळीची हवेतली रेघ दिसली. ती त्याच्या छातीवर निघाली होती. तो हलला नाही.

शेवटच्या शंभर मीटरात रेघ डावीकडे वळली. प्लेटच्या मधोमध रंगाचा टवका उडाला.

चार सेकंदांनी ठण्ण आवाज आला.

मागे आरडाओरडा झाला. धनश्री रायफल सोडून माझ्या गळ्यात पडली आणि हमसून रडली. मीही रडले, मला लाज नाही. भाऊ रविराज आम्हाला घेऊन आला होता. त्यानं खिशातून पुडी काढून आमच्या डोक्यांवर भंडारा उधळला, सत्यजीत सरांची टोपीसुद्धा पिवळी झाली. सरांनी माझ्याशी हात मिळवला आणि हा वारा कसा वाचलात म्हणून विचारलं. स्कोप चांगला आहे, म्हटलं. खोटं नव्हतं.

आवरण्याआधी मी एकदा स्कोपला डोळा लावला. त्यानं घोंगडं खांद्यावरून काढलं, झटकलं आणि काठीच्या टोकावर चढवलं. मी काच पुसून पुन्हा बघितलं तेव्हा माळ रिकामा होता.

येताना आम्ही शिरूरला पेढे घेतले. धनश्री वाटभर खिडकीतून दिसेल त्याला राज्याच्या संघाची बातमी सांगत होती. कवठ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई आत चहा टाकत होती. आबा उंबऱ्याशी काठी घेऊन बसलेले.

धनश्री आत गेली. काठी वाजली. रविराज गेला, वाजली. मी गेले, वाजली. गाडीतून आम्ही तिघंच उतरलो होतो.

आबांनी थोडं थांबून काठी चौथ्यांदा उंबऱ्यावर टेकवली.

"भरली मोजनी," ते म्हणाले. "दार लावा आता."

दाराची कडी गंजून बसली होती. रविराजनं आणि मी मिळून जोर लावला, तेव्हा कुठं ती लागली. मागं वळून बघितलं, तर आबा घोंगडीवर एका कडेला सरकून बसले होते, शेजारी एका माणसापुरती जागा करून.