राष्ट्रगीताला न थांबणारे

बसा की. बाक काही माझ्या बापाचा नाही. उन्हं उतरली की लुंपिनी बागेत बरं वाटतं. त्या घोरपडीकडे बघू नका, ती काही करत नाही. तळ्यात असल्या पुष्कळ आहेत.

माझं नाव पिन. बाबा गेल्यावर आईला रोज इथून ओढून घरी न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबा संध्याकाळी तळ्याला फेऱ्या मारायचे आणि आई याच बाकावर त्यांची पाण्याची बाटली सांभाळत बसायची. ते गेले तरी ही बया बाटली घेऊन यायचीच. तिचं जेवण सुटलं होतं, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. माझा जीव तीळतीळ तुटायचा, आणि तोंडातून निघायची ती चिडचिड.

"आई, ऊठ. माशाचं कालवण निवतंय."

"सहा होऊ दे."

"सहाला काय वाढून ठेवलंय?"

"भोंग्यावर रोजचं राष्ट्रगीत लागलं की बागेतले सगळे थांबतात ना... तेव्हा तुझे बाबा दिसतात."

"काहीतरीच तुझं."

"अगं, गेलेल्यांना ते ऐकूच येत नाही. म्हणून ते चालत राहतात."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात भोंगा खरखरला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. पळणारे जागच्या जागी थांबले, कवायत करणाऱ्या बायका थांबल्या, हंसाच्या आकाराच्या होडीतल्या जोडप्याने पेडल मारणं थांबवलं. होडी तेवढी आपोआप तरंगत राहिली. चाफ्याचा वास दाटून आला, आणि त्यात कापराच्या मलमाचा. बाबा गुडघ्याला चोळायचे, तोच.

उभ्या माणसांमधून एक जण चालत येत होता. पांढरं बनियन, डावा पाय जरासा ओढत. बाबाच. भीती वाटली नाही हो. हाक मारावीशी वाटली, कुशीत शिरावंसं वाटलं. ते आईसमोर थांबले. नेहमीसारखा बाटलीसाठी हात पुढे केला. आईने बाटली दिली, आणि तो हात धरून त्यांच्याबरोबर चालू लागली.

ती पाण्याच्या दिशेने निघाली होती. मला दिसत होतं, आणि मी ताठ उभी. शाळेपासून अंगात मुरलेलं, राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही. आई पार काठाशी गेली. तिच्या चपलांचा आवाज येत नव्हता, आणि शेजारून गेली तरी कुणाची मान वळत नव्हती...

मग मी पाऊल उचललं. जन्मात पहिल्यांदा. आणि राष्ट्रगीत मध्येच तुटलं. वाटलं, भोंगा बिघडला. पण माणसं तशीच उभी होती.

धावत जाऊन मी आईचं मनगट धरलं. तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

"सोड गं... आज पहिल्यांदा थांबलेत ते."

"नाही सोडणार. मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

बाबांनी तिचा हात हळूच सोडला. माझ्याकडे मात्र बघत राहिले. बराच वेळ. मग सगळी बाग एकदम हलली, पळणारे पळू लागले, आणि काठावर आम्ही दोघीच होतो. आई रडत होती. तिचं मनगट गरम होतं, एवढंच मला पुरे होतं.

आई आता छान आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते, माझ्यावर ओरडते, बागेचं नाव काढत नाही. मीच येते. घरी सहाला टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं, आई उठून उभी राहते, आणि मला पडद्यावर नुसती तोंडं हलताना दिसतात. तिला अजून सांगितलेलं नाही. इथे निदान चार माणसं असतात, बोलायला सोबत मिळते. आता तुम्ही...

अहो, बोलता बोलता उठून असे ताठ का उभे राहिलात? सहा वाजले का?

आणि त्या पलीकडून हात पुढे करत येताहेत त्या बाई... तुमच्या कुणी आहेत का?