पट्ट्यातला मळ

सुकायला ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरून ओट्यावर पडला. घर इतकं शांत होतं, की मी श्वास धरून तशीच उभी राहिले. आत माझी लेक ओवी कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली, पण उठली नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार लिफ्टसुद्धा फारशी हलत नाही. सुट्टीच्या दिवशी ओवी झोपते तेवढाच वेळ माझा. त्यातच हे लिहून ठेवते आहे, जसं घडलं तसं.

केयूर, माझा नवरा, मागच्या ऑगस्टमध्ये पानशेत धरणाच्या बाजूला गेला तो परत आला नाही. स्कूटर पाण्याच्या काठाला सापडली. सात महिन्यांनी पाणी उतरल्यावर गाळात हाडं मिळाली, आणि एका मनगटाभोवती घड्याळाचा स्टीलचा पट्टा. घड्याळ त्यातून कधीच निसटलेलं. डीएनएचा अहवाल दोनदा ‘निष्कर्ष नाही’ असाच आला. मग हवालदारांनी पट्टा सही घेऊन माझ्या हातात दिला. म्हणाले, “मॅडम, असले पट्टे जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. तुमच्याच घड्याळाचा आहे का, ते जाणकाराकडून लिहून आणा. मग पुढचं बघू.”

पट्टा नकली निघाला, तर हाडं दुसऱ्या कुणाची तरी. तो नकली निघावा म्हणून मी मनात काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही.

घड्याळ स्विस, सासऱ्यांनी १९७४ साली मस्कतला घेतलेलं. आमच्या लग्नात त्यांनी ते केयूरला दिलं. त्याला सैल व्हायचं, म्हणून रविवार पेठेतल्या घड्याळवाल्या सिराजचाचांनी पट्ट्याच्या दोन कड्या काढून दिल्या होत्या. मी पट्टा घेऊन त्यांच्याकडेच गेले.

“पाटी वाचलीत?” त्यांनी मान वर न करता विचारलं. पाटीवर होतं : एक ते चार बंद.

“वाचली. पण मुलगी शाळेत असते तेवढ्यातच यायला जमतं, चाचा.”

त्यांनी वर पाहिलं. “बसा, सूनबाई. ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे.”

डोळ्याला भिंग लावून त्यांनी आधी लॉकच्या आतला कंपनीचा ठसा पाहिला. नकली पट्ट्यावर तो उथळ असतो, म्हणाले. मग पट्टा आडवा धरला. तो मध्ये झुकला. त्या काळच्या कड्या पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. वर्षानुवर्षं घालून ढिल्या होतात. नकली पट्टा ताठ राहतो.

शेवटी त्यांनी खणातून कागदाची एक पुडी काढली. काढलेल्या कड्या ते कधी टाकत नाहीत. पुडीवर लिहिलेलं होतं, ‘केयूर, लग्न’. त्यातली एक कडी त्यांनी पट्ट्याच्या टोकाला टेकवली. एक जुना तिरका ओरखडा होता. अर्धा पुडीतल्या कडीवर, उरलेला पट्ट्यावर. दोन्ही जुळले.

“अस्सल आहे,” ते फार हळू म्हणाले. “धुऊन ठेवतो. उद्या न्या.”

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाण्याच्या तीन वाट्या होत्या. तिन्हींतलं पाणी राखाडी.

“पहिलं पाणी गाळाचं, ते समजू शकतो,” सिराजचाचा म्हणाले. “त्यानंतर लख्ख झाला होता. रात्रभर कुलपात ठेवला. सकाळी परत हे. दुपारी परत हे.” त्यांनी तिसऱ्या वाटीत बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. “पन्नास वर्षं हेच काम करतोय मी. हा गाळ नाही, सूनबाई. हा अंगाचा मळ आहे. रोज घातलेल्या पट्ट्यात असतो तो.”

त्यांनी लिहून दिलं : पट्टा अस्सल. मी चौकीत सही केली. वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकलं. ओवीला सांगितलं, बाबा देवाघरी गेला.

पट्टा मी घरी आणला. ओवीच्या जुन्या टूथब्रशने धुतला, पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली आणि फोटो काढला. मी बँकेत हिशेब तपासणीला होते. पुरावा कसा ठेवायचा ते मला कळतं.

तीन दिवसांनी सही जशीच्या तशी होती. पिशवी उघडली, पट्टा पुन्हा धुतला. पाणी राखाडी झालं.

मग लॉककडे लक्ष गेलं. त्याच्या कडेला बारीक भोकांची रांग असते. पिन एक भोक आत सरकवली की पट्टा जरासा आवळतो. केयूरची पिन कायम दुसऱ्या भोकात. फोटोतही दुसऱ्यातच होती.

आता ती तिसऱ्यात होती.

मी परत सील केलं. पुढच्या आठवड्यात चौथ्यात. त्यानंतर पाचव्यात. पाचवं शेवटचं.

मी हिशेब करून पाहिला. मनगट बारीक होत गेलं, की माणूस पिन आत घेतो. पट्टा गळून पडू नये म्हणून. त्याला तो पट्टा फार आवडायचा. आणि आता भोकं संपली होती.

मी सिराजचाचांकडे गेले. त्यांनी पिन पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“काय करू?”

“एक कडी काढा.”

“सूनबाई...”

“गळून पडेल हो त्याच्या हातातून.”

त्यांनी कडी काढली. पिन परत दुसऱ्या भोकात लावली. काढलेली कडी त्याच पुडीत टाकली आणि पुडीवर तारीख घालायला पेन उचललं. मग तसंच खाली ठेवलं.

त्यानंतर कडी काढायला मी आणखी तीनदा गेले. आता ते काही विचारत नाहीत.

आज पिन पुन्हा शेवटच्या भोकात आहे.

पट्टा समोर टेबलावर ठेवूनच लिहीत होते. ओवी कधी उठून मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. मी उचलायच्या आत तिने दोन बोटं पट्ट्याच्या गोलात घातली.

बोटं अर्ध्यातच थांबली. कशाला तरी टेकल्यासारखी.

तिने ती काढली नाहीत. हळूच, झोपलेल्या माणसाला कुरवाळावं तशी फिरवली.

मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “आई, बाबाला जेवायला कोण देतं?”