न मारलेले फटके

नफीसा मुजावरच्या पत्राला मेंदूतज्ज्ञ डॉ. नीळकंठ बखल्यांनी उत्तर दिले नव्हते. पत्र साध्या कागदावर होते. नामांकित खेळाडूंचे फोन आणि मेल सट्टेबाजीविरोधी यंत्रणा तपासत असे, त्यामुळे खासगी बोलायचे तर टपाल बरे, असे खेळाडू मानू लागले होते.

‘सर, परवा समोर विचारलं तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात, म्हणून लिहून विचारते. माझ्या डोक्यातली ऋजुता काढून तुम्ही तिला परत दिलीत, तर त्यानंतर मी तिला हरवू शकेन का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.’

प्रश्न सरळ होता, अडचण उत्तर देणाऱ्याची होती. ‘कदाचित’ या शब्दावाचून बखल्यांचे एक वाक्य धड पुरे होत नसे, आणि इथे तर त्यालाच मज्जाव होता.

नाशिकची ऋजुता पाटणकर चार वर्षे टेनिसच्या जागतिक मानांकनात पहिली होती आणि मिरजेची नफीसा मुजावर दुसरी. मग एका विषाणुज्वरात ऋजुताच्या अनुमस्तिष्काला, म्हणजे हालचालींचा मेळ घालणाऱ्या लहान मेंदूला, सूज आली. ती बरी झाली, चालू लागली, स्वतःचा चहा स्वतः करू लागली. खेळ मात्र गेला. सर्व्हिससाठी चेंडू वर उडवी आणि उडत्या पतंगाकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहत राही. मानांकनाचे जुने गुण महिन्यागणिक बाद होत होते. दिवाळीपर्यंत नफीसा हातपाय न हलवता पहिली झाली असती.

“पण सर, ऋजुताच्या एवढ्या चित्रफिती असताना नफीसा कशाला हवी?” डॉ. सिसिलिया परेरांनी विचारले. त्या स्नायुपुनर्वसनाच्या तज्ज्ञ, मूळच्या वसईच्या. बखल्यांच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झाल्या होत्या.

“चित्रफितीत तिनं मारलेले फटके आहेत. खेळ न मारलेल्या फटक्यांत असतो.”

“सर, माणसाला कळेल असं बोला.”

बखले ओशाळून हसले. “सर्व्हिसचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत समोरच्यापाशी पोचतो. पाहून, ठरवून, पाय हलवायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून चेंडू रॅकेटवरून सुटायच्या आधीच मेंदू अंदाज बांधतो. त्यासाठी त्याला प्रतिस्पर्ध्याची एक चालतीबोलती प्रतिमा जवळ ठेवावी लागते. मी तिला छायाप्रत म्हणतो. असं झालं तर ती काय करेल, तसं झालं तर काय करेल, हे सगळं छायाप्रतीत असतं. नफीसानं चार वर्षं दुसऱ्या कुणाचा एवढा विचार केलेला नाही.”

“नवऱ्याचासुद्धा नाही?”

“तिचं लग्न झालेलं नाही,” बखले गंभीरपणे म्हणाले.

सिसिलियांनी हसू दाबले. “मग पत्राचं उत्तर सोपं आहे की. परत मिळालेला खेळ नफीसाच्या अपेक्षेतलाच असणार. ऋजुता तिला चकवूच शकणार नाही. नफीसा दर वेळी जिंकेल. लिहून टाका ‘हो’.”

“‘हो’ लिहिलं की ती लाच झाली. छायाप्रत दे, म्हणजे तुझी प्रतिस्पर्धी कायमची तुझ्या मुठीत.”

“मग ‘नाही’ लिहा.”

“ते खोटं ठरेल. आणि ‘माहीत नाही’ असं लिहायला मला लाज वाटते.”

ऋजुताला मात्र त्यांनी हा धोका समोर बसवून, अडखळत का होईना, समजावून सांगितला होता. ती म्हणाली होती, “बाकीच्या जगाला हरवता येईल ना? मग एकट्या नफीकडून हरेन. आत्ता तर मी भिंतीकडूनसुद्धा हरते.”

उत्तर गेले नाही ते नाहीच. तरीही ठरल्या दिवशी नफीसा मिरजेहून स्वतः गाडी चालवत आली. बखले चष्म्याला हात घालणार तोच ती म्हणाली, “राहू द्या सर. उत्तर आलं असतं तर त्याचाच विचार करत बसले असते.”

मेंदूतल्या छायाप्रतीची नोंद घेणाऱ्या चेतालेखक यंत्राचे शिरस्त्राण तिच्या डोक्यावर बसवले. शेजारच्या खुर्चीत ऋजुता होती. उपचाराआधीची तिच्या मेंदूची नोंदही त्याच दिवशी घ्यायची होती.

“चार वर्षं माझ्या डोक्यात फुकट राहिलीस,” नफीसा म्हणाली. “भाडं तरी द्यायचंस.”

“घराची अवस्था बघितलीस का तुझ्या? सगळीकडे पसारा.”

“तुझाच आहे तो.”

दोघी हसल्या. मग ऋजुता हळूच म्हणाली, “नफी, नाही म्हणालीस तरी चालेल गं. तू दिवाळीत पहिली होशील. मी टाळ्या वाजवीन.”

“तू घरी आजारी बसलीस म्हणून पहिली?” नफीसाचा आवाज चढला. “मिरजेत तोंड दाखवता येईल का मला? अब्बा विचारतील, कुणाला हरवलंस? काय सांगू, तापाला? सर, चालू करा तुमचं यंत्र.”

पुढचे काम संथपणे चालले. छायाप्रत एकदम ओतता येत नसे. ऋजुता कोर्टवर सराव करी, आणि प्रत्येक फटक्याच्या क्षणी तिच्या अनुमस्तिष्कात त्या फटक्याचा ठसा हलकेच उमटवला जाई. बिया पेराव्यात तसे. पहिले काही आठवडे चेंडू जाळीत जात राहिले. मग एका सकाळी सर्व्हिस बरोबर कोपऱ्यात बसली. ऋजुता रॅकेट टाकून कोर्टवरच मांडी घालून बसली आणि ओक्साबोक्शी रडली. सिसिलियाही रडल्या. बखले बराच वेळ गवतात चेंडू शोधत राहिले.

स्पर्धांत ती परतली आणि एकेक जणीला हरवत गेली. गुण वाचले. वर्षअखेरच्या अंतिम सामन्यात बालेवाडीच्या कोर्टवर पुन्हा त्या दोघीच समोरासमोर आल्या. जिंकेल ती पहिली, असा हिशेब होता.

बखले आणि सिसिलिया वरच्या रांगेत बसले होते. ऋजुता उघड्या पुस्तकासारखी वाचली जाऊन हरणार, आणि आपण हे घडू दिले, या विचाराने त्यांना सकाळपासून घास गेला नव्हता.

सुरुवात त्यांच्या अंदाजाप्रमाणेच झाली. ऋजुताचा खांदा वळायच्या आत नफीसा त्या दिशेने निघत होती. एकदाही ती चकली नाही. पण चेंडू तिच्या रॅकेटच्या दोन बोटे पुढून निघून जात होता. पुन्हा. आणि पुन्हा.

“सर,” सिसिलिया पुटपुटल्या, “ऋजुता आजाराआधी इतकी छान कधी खेळली होती?”

“नाही,” बखले म्हणाले. या वेळी ‘कदाचित’ आले नाही.

ऋजुता दोन सरळ सेटमध्ये जिंकली.

सामन्यानंतर नफीसा त्यांना मागच्या बोळात भेटली. मानेवर ओला टॉवेल, डोळे लाल. “कुठे मारणार ते मला कळत होतं सर. प्रत्येक चेंडू कळत होता. पण पोचता येत नव्हतं. रात्री डोळे मिटले की जी ऋजुता समोर दिसायची ना, ती अशी खेळायची. खरी कधीच खेळली नव्हती.” एवढे बोलून ती खेळाडूंच्या बसकडे निघून गेली. तिने पत्राचे नाव काढले नाही.

नाशिकला परतताना बखल्यांनी गाडी घाटावर चढवली. मग म्हणाले, “माझं चुकलं. छायाप्रत म्हणजे आरसा, असं मी धरून चाललो. मेंदू आरसा कशाला ठेवेल? त्याला जगायचं असतं. सापाला दोरी समजून पाय देणारा मरतो. दोरीला साप समजणारा फक्त दचकतो. म्हणून मेंदू प्रतिस्पर्ध्याला नेहमी थोडं वाढवूनच धरतो. नफीसाच्या डोक्यातली ऋजुता थोडी अधिक वेगवान, थोडी अधिक अचूक. शरीराला अशक्य असं काही नव्हे, ऋजुताच्या शरीराला जमण्याजोगंच. तिनं स्वतःकडून ते कधी मागितलं नव्हतं, एवढंच. आपण ऋजुताला तिचा जुना खेळ दिलाच नाही. नफीसाला जिची धास्ती होती ती ऋजुता दिली.”

“म्हणजे नफीसानं स्वतःच्या हातानं—” सिसिलिया थबकल्या. मग त्यांनी एकदम वळून पाहिले. “सर, छायाप्रत एकाच बाजूला असते का?”

बखल्यांनी गाडी कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताची उपचाराआधीची नोंद उघडली. आजाराने तिचा स्वतःचा खेळ पुसला होता, दुसऱ्याचा खेळ वाचणारा भाग शाबूत होता. त्यात चार वर्षांची नफीसा जशीच्या तशी होती. जशीच्या तशी नव्हे. ही नफीसा अधिक चपळ होती, तिचा बॅकहँड अधिक धारदार होता, आणि चेंडूपाशी पोचायला तिला ती दोन बोटे कमी पडत नव्हती.

ऋजुताला बोलावले. नोंद तिची होती, तिच्या संमतीवाचून कुणाला देता येणार नव्हती.

“एक लक्षात घे,” सिसिलिया म्हणाल्या. “ही नफीसाला दिली तर तुझा पहिला क्रमांक जाऊ शकतो.”

ऋजुता पडद्यावरच्या आलेखाकडे पाहत राहिली. “नफी मला देताना असं काही विचारून आली होती का?”

बखल्यांचे कान तापले. “विचारलं होतं. पत्र लिहून. मी उत्तर दिलं नाही.”

“आणि तरी आली?”

“तरी आली.”

ऋजुताने टेबलावरचे पेन उचलून त्यांच्यासमोर ठेवले. “मग लिहा ना सर. अजून कसली वाट बघताय?”

“पण मग तिच्या नव्या खेळाला तू घाबरशील,” सिसिलिया मनाशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “तुझ्या डोक्यातली नफीसा आणखी वाढेल, तिच्या डोक्यातली तू. सर, हे थांबणार कुठे?”

“शरीर थांबवेल तिथे,” बखले म्हणाले. “ती जागा अजून कुणी पाहिलेली नाही.”

त्यांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले :

‘चि. नफीसा,
तू हो किंवा नाही विचारलं होतंस. आजची तू ऋजुताला हरवू शकशील असं मला वाटत नाही. पण ऋजुताला जिची भीती वाटते ती नफीसा हरवू शकेल. ती आमच्याकडे सुखरूप आहे, आणि तुझ्याहून सरस आहे. ऋजुताची संमती सोबत जोडली आहे. माझा अंदाज याआधी एकदा चुकला आहे, हे ध्यानात ठेव. येऊन तुझी तुला घेऊन जा. उशीर झाला, क्षमस्व.
नीळकंठ बखले’

पाकीट शिपायाकडे न देता ते स्वतः कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आत हात मोकळा केला.